केसरबाईंच्या हातांबाबत

प्रति,
मा. उपअभियंता साहेब,
प्रायोगिक कामगार घरकुल योजना,
चिंचवड, जि. पुणे.

विषय : थर्माकोलचे ठोकळे खराब झाल्याच्या अहवालातील एक वाक्य बदलणे व त्यासाठी साहेबांनी समक्ष येणेबाबत.
संदर्भ : आपली नोटीस, दि. ३ फेब्रुवारी १९७९, घर क्र. ११.

महोदय,

अर्जदार भिवा कोंडीराम ओव्हाळ हा पिंपरीच्या एका कंपनीत पेंट शॉपला कामगार असून त्याला आपल्या योजनेत पिंपळे सौदागरच्या शिवारात घर मंजूर आहे. या घराला विटा नाहीत. थर्माकोलचे पोकळ ठोकळे रचायचे, आत सळ्या उभ्या करून काँक्रीट ओतायचे आणि ठोकळे तसेच ठेवायचे, म्हणजे घर उन्हाळ्यात थंड राहते, हे आपणच पहिल्या सभेत समजावले होते. अर्जदाराला ते पटले होते, आजही पटते. तक्रार ठोकळ्यांची नाही.

१. दि. २० जानेवारीस पुढची भिंत छातीइतकी रचून झाली. दुसऱ्या दिवशी काँक्रीट पडायचे होते. नव्या घराच्या दाराशेजारी थोरल्या बाईने दोन्ही हातांचे ठसे उमटवायचे, ही आमच्या घरची रीत. पूर्वी हळदीचे उमटवत, आता आम्ही निळे उमटवतो. अर्जदाराने शॉपमधला उरलासुरला निळा रंग आणला. घट्ट वाटला म्हणून सवयीने त्यात थिनर ओतला, तोही सढळ हाताने. थिनर थर्माकोल खातो हे बारा वर्षे रंगात काढलेल्या माणसाला ठाऊक नसावे, ही शरमेचीच गोष्ट आहे. पण साहेब, जन्मभर पत्रा रंगवणाऱ्याचा थर्माकोलशी संबंध येतो कुठे?

२. अर्जदाराची आई केसरबाई, वय अंदाजे सत्तर, हिने पंजे रंगात बुडवून ठोकळ्यावर टेकवले. ठोकळा हाताखाली विरघळला आणि बोटे आत गेली. तिने हात मागे ओढले तेव्हा भिंतीत दोन पंजांचे खड्डे पडले होते. ती एवढेच म्हणाली, "भिवा, माजा हात लागला आन् भित गेली रं."

३. या बोलण्याचा अर्थ साहेबांना कळावा म्हणून लिहितो. केसरबाईने मूळ गावी अर्धा जन्म हात आखडून काढला. पाणी वरून ओंजळीत घ्यायचे. दुकानदाराने मीठमिरची खाली टाकायची, मग हिने उचलायची. छप्पन साली धम्मदीक्षा घेतली, पुढे गाव सुटले, तेव्हा हेही सुटले असे आम्ही समजत होतो. ते सुटले नव्हते.

४. कुणाला सांगू नको म्हणून तिने अर्जदाराला हात जोडले, व अर्जदार गप्प बसला. ही चूक साफ कबूल आहे. सकाळी मुकादम सोपानराव यांनी काँक्रीट ओतले, ते खड्ड्यांपाशी फुटून बाहेर आले व आजूबाजूचे चौदा ठोकळे फुगले. तेव्हा अर्जदाराने त्यांना आईच्या हातांचे व थिनरचे सगळे सांगितले. ते उतरवून नवे लावण्यास अर्जदार तयार आहे. सुट्टीच्या दिवशी स्वतः घमेली उचलील. परंतु नोटिशीसोबतच्या अहवालात लिहिले आहे : "कामगाराच्या मातेचा हात लागल्याने साहित्य नादुरुस्त झाले." थिनरचा उल्लेखच नाही. नोटीस आली तेव्हा अर्जदार शिफ्टला होता. केसरबाईने ती पोस्टमनकडून वाचून घेतली, आणि खालचा गोल शिक्का स्वतः पाहिला.

५. त्या दिवसापासून ती कशालाही हात लावत नाही. भाकरी थापत नाही. नात रडली तरी उचलत नाही. अर्जदाराची पत्नी प्रभावती तिला घास भरवते. पाणी हवे असले की केसरबाई ओंजळ पुढे करते. स्वतःच्या घरात, साहेब, सुनेपुढे! प्रभावती तांब्या देते, तो ती घेत नाही. हे बघवत नाही.

६. अर्जदाराने फुटक्या ठोकळ्याला थिनरचा हात लावून दाखवला. ठोकळा तसाच विरघळला. ती म्हणाली, "तू माज्याच पोटचा. तुजा हात बी त्योच." प्रभावतीने लावला, तर म्हणाली, "ती बी आपल्यातलीच." सोपानरावांना विनंती केली. ते "भावा, कामं काय कमी हायेत व्हय?" म्हणून हसत निघून गेले.

७. सबब विनंती की, सदर वाक्य खोडून तेथे "थिनरमुळे" असे लिहावे व खाली तोच शिक्का मारावा. तसेच रविवार दि. १८ रोजी साहेबांनी अर्जदाराच्या पिंपरीतील खोलीवर येऊन केसरबाईसमोर आपला हात थिनरात बुडवून ठोकळ्याला लावावा. ठोकळा, थिनर, साबण, धुतलेला टॉवेल तयार राहील. हाताला किंचित झोंबेल, तेवढे सोसावे. अशी मागणी या कार्यालयाकडे पूर्वी कुणी केली नसेल, हे अर्जदार जाणतो. नियमात बसत नसेल तर घर क्र. ११ वरचा हक्क सोडल्याचे लिहून देण्यास अर्जदार तयार आहे. मात्र साहेबांनी यावे.

हे सर्व काल आईला सांगितले. मग तिने विचारले, "सायेब आपल्या खोलीत येतील? आन् माजा हात लागलेल्या जागी हात लावतील?"

अर्जदाराने "हो" म्हणून सांगितले आहे. आपल्याला न विचारता सांगितले, त्याची माफी असावी.

रविवारी आपली वाट पाहणारा,
भिवा कोंडीराम ओव्हाळ
पिंपरी, दि. १२ फेब्रुवारी १९७९