नऊ नंबरच्या चपला

५ जानेवारी, रविवार
ऋग्वेदचा बंगलोरहून फोन. ११ मिनिटं २० सेकंद! त्याची आई सरला गेल्यापासूनचा, म्हणजे चार वर्षांतला, उच्चांक. एरवी बाप-लेकाचा रविवारचा फोन चार मिनिटांत आटपतो. तब्येत, जेवण, चंदीगडची थंडी, ठेवतो. आज सहज विचारलं, तुझी ती ट्रायथलॉन म्हणजे नक्की काय रे, तर गडी सुटलाच. समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, मग ९० किलोमीटर सायकल, मग २१ किलोमीटर पळायचं. सगळं सलग. नोव्हेंबरात गोव्याला आहे. शेवटी हिंदीत म्हणाला (मराठी कळतं त्याला, पण बोलतो हिंदी. इथे वाढलेल्या पोरांचं असंच), 'बाबा, आप बस फिनिश पे आ जाना, मेरी चप्पल लेके. पैर बहुत सूज जाते हैं.'

चपला धरायला? मी? युनिव्हर्सिटीत सव्वीस वर्षं स्टॅटिस्टिक्स शिकवणारा माणूस?

निश्चय: मीही उतरणार. वय ५८. हातात दहा महिने. स्टार्ट लाइनवर बाप-लेक शेजारी शेजारी. मग बोलायला विषयच विषय.

६ जानेवारी, सकाळी ५.३०
धुकं. उद्यापासून.

१९ जानेवारी, रविवार
ऋग्वेदला सांगितलं. 'पक्का?' म्हणाला. म्हटलं पक्का. 'ओके,' म्हणाला. चपलांचा विषय पुन्हा काढला नाही. समजलं त्याला. फोन: ७ मिनिटं.
नाव नोंदवलं. आयोजकांनी ४४ पानांची पीडीएफ पाठवली, खेळाडूंसाठी सूचना. नवशिक्यांसाठी असावी.

२ मार्च
सेक्टर ३४ मधून मोठा चार्ट आणला. कोचिंगची मुलं टाइमटेबलला घेतात तसला. पोहणं निळं, सायकल हिरवी, पळणं लाल, विश्रांती पिवळी. आखायला पाच दिवस लागले. त्या पाच दिवसांत व्यायामाला वेळ मिळाला नाही. पिवळा रंग भरला.

९ मार्च
पुष्कळ वाचलं. शास्त्र मुळात सोपं आहे, लोक उगाच बाऊ करतात. आता आठवड्यातून दोनदा ऋग्वेदला व्हॉट्सअॅपवर एक सल्ला पाठवणार. त्याने ही स्पर्धा दोनदा पूर्ण केली आहे, पण पाया कच्चा असू शकतो. सल्ला क्र. १: ऐंशी टक्के सराव सावकाश करावा.
निळी टिक आली. म्हणजे अमलात आणतोय.

१७ एप्रिल
पोहण्याचा तलाव उघडला. पाणी गार. काठावर बसून पायांनी अंदाज घेतला. तिथे विंग कमांडर हेरंब साने भेटले, निवृत्त, वय ७१, मूळचे मिरजेचे. माशासारखे पोहतात. त्यांना कोपर कसं ठेवावं ते सांगितलं. ते म्हणाले, 'सर, आधी तोंड पाण्यात घाला, मग सल्ला द्या.' फौजी माणसं जरा तुटकच.

२९ एप्रिल
तोंड पाण्यात घातलं. क्लोरीन फार.

२५ मे, रविवार
सायकलवर पिंजौर गावापर्यंत! जाताना उत्तम. येताना ऊन, समोरून वारा, आणि मागच्या चाकातून एक आवाज. सायकल बसच्या टपावर टाकून आलो. बस स्टँडवर उतरल्यावर थोडं पळालो (रिक्षावाला निघाला होता). सायकल आणि लगेच पळणं, याला ब्रिक सेशन म्हणतात. चार्टवर हिरवा आणि लाल दोन्ही भरले.
ऋग्वेदला आवाज सोडून सगळं सांगितलं. फोन: ६ मिनिटं. 'बाबा, आराम से,' म्हणाला.

१३ जुलै
मोठा शोध. पोहून आल्यावर सायकलवर बसेपर्यंतच्या वेळाला ट्रान्झिशन म्हणतात आणि त्यात लोक मिनिटं घालवतात. याचा सराव घरी होऊ शकतो! बाथरूममधून ओल्या अंगाने धावत यायचं, सोफ्यावरचं हेल्मेट, मोजे, बूट, गॉगल. पहिला वेळ ६ मिनिटं.

३ ऑगस्ट
ट्रान्झिशन २ मिनिटं ४० सेकंद. वरच्या मजल्यावरचे सोढीजी पराठे द्यायला आले. दार उघडलं तेव्हा मी चड्डीवर, डोक्याला हेल्मेट. त्यांनी विचारलं, 'प्रोफेसर साब, सब ठीक है ना जी?' म्हटलं, सब ठीक. पराठे ठेवून जरा घाईनेच गेले. चारही खाल्ले. कार्बोहायड्रेट.
सरला असती तर हसून हसून खाली बसली असती. ती रोज सकाळी सुखना तलावावर फिरायला जायची. चला म्हणायची. मला पेपर तपासायचे असायचे.

७ सप्टेंबर, रविवार
फोन: २ मिनिटं ५० सेकंद. सल्ला क्र. ४७ (श्वास) त्याला पटला का विचारलं. 'बाबा, मैं बाद में करता हूँ.' केला नाही. कामात असेल. शिवाय स्पर्धेआधी सराव हळूहळू कमी करतात, त्याला टेपरिंग म्हणतात. तो शक्ती वाचवतोय.

५ ऑक्टोबर
तलाव हिवाळ्यासाठी बंद. आता कुठे मनावर घेणार होतो. एकूण पोहणं, वर्षभरात: अकरा फेऱ्या, त्यातल्या चार कठडा धरून. लागतात अडतीस. पण समुद्राचं पाणी खारं, माणूस आपोआप तरंगतो.

२६ ऑक्टोबर, रविवार
सल्ला क्र. ६१: सूचनांची पीडीएफ नीट वाच. त्याचं ताबडतोब उत्तर: 'आपने पढ़ी?' विनोदी आहे, आईवर गेलाय.
विमानाचं तिकीट शनिवार संध्याकाळचं काढलं. स्पर्धा रविवारी. शेवटच्या दिवसापर्यंत आपल्याच गादीवर झोपावं, हे कुठेही लिहिलेलं नाही, माझं स्वतःचं आहे.

६ नोव्हेंबर
सल्ला क्र. ६३, शेवटचा: स्पर्धेआधी दोन दिवस फोन बंद ठेवावा, मन शांत राहतं. उद्यापासून बंद. चार्ट भिंतीवरून काढला. लांबून पाहिला तर मोहरीच्या शेतासारखा पिवळा.

९ नोव्हेंबर, गोवा, सकाळी ५.१०
खोक्यातली सायकल, हेल्मेट, गॉगल घेऊन हजर. गेटवरच्या मुलीने नंबर विचारला. म्हटलं, तोच घ्यायला आलोय. ती हळू आवाजात म्हणाली, 'सर, नंबर आणि सायकल जमा करणं काल पाचलाच बंद झालं. सूचनांमध्ये आहे. पान चार.'
फोन चालू केला. ऋग्वेदचे शुक्रवारपासूनचे नऊ मिस्ड कॉल. 'बाबा, शनिवार पाँच बजे से पहले पहुँचना पड़ेगा.' मग 'बाबा, फोन उठाओ.' मग 'आप ठीक हो ना?' मग काही नाही.
मी पूर्ण तयार होतो. नियमच आडवे आले. (समुद्र बघितला. लाटा होत्या. नंबर मिळाला नाही याचं जरा बरंच वाटलं. हे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय.)

त्याच दिवशी, दुपारी
ठीक आहे. मग फिनिशवर उभा राहीन, जानेवारीत त्याने सांगितलं होतं तसा. किनाऱ्यावरचं एक दुकान उघडलं. रबरी चपला घेतल्या. नऊ नंबर. त्याचा नंबर मला पाठ आहे, बूट नेहमी मीच आणायचो.
सातपासून कठड्याला धरून उभा. १ वाजून १० मिनिटांनी आला. तोंड लाल, पाय ओढत. माणसांत कोणाला तरी शोधत होता. मी हात वर केला, हातात चपला.
तो पलीकडे वळला. तिकडे एक मुलगी उभी होती, त्याच्या जुन्या निळ्या चपला घेऊन. खाली बसून तिनेच त्या त्याच्या पायांत घातल्या. मग त्याची नजर माझ्यावर पडली. धावत आला, म्हणजे पाय ओढत, आणि ओल्या अंगाने मिठी मारली. म्हणाला, 'बाबा, मुझे लगा आप आए ही नहीं.' मुलीचं नाव कादंबरी. सांगलीची. वर्षभर एकत्र आहेत. फोनवर सांगायचं होतं म्हणे, पण सल्ले चालू असायचे.
ती म्हणाली, 'काका, बसा ना, केव्हाचे उभे आहात.' त्यावर ऋग्वेद तिला म्हणाला, 'बाबांना आधी पाणी दे गं, ऊन लागलंय त्यांना.'
स्वच्छ मराठीत. इतकं चांगलं मराठी येतं त्याला, मला माहीत नव्हतं.
नव्या चपला पिशवीत घातल्या. सल्ला दिला नाही. वाईट वाटलं.

१६ नोव्हेंबर, रविवार, चंदीगड
धुकं सुरू झालं. फोन: ५ मिनिटं, त्यातली तीन कादंबरीशी. मुलगी गोड आहे. पुढच्या वर्षी मी भाग घेणार का, विचारत होती. बघू म्हटलं. मागून ऋग्वेद हसला बहुतेक.
चपला परत कोण करायला जातंय. घरात वापरतोय. मला सात नंबर लागतो. चालताना टाचेवर फटफट आपटतात, स्वयंपाकघरापर्यंत आवाज जातो. घरात आणखी कोणीतरी चालतंय असं वाटतं. चहा झाल्यावरही दोन-तीन फेऱ्या उगाच मारतो.