वारंगा फाट्यावरचा लाल ट्रॅक्टर

हट्टा,
१२ एप्रिल

प्रिय सोमेश्वर भाऊजी,

फोन करायचा सोडून वहिनीनं पत्र काहून लिहिलं, असं तुम्हाला वाटेल. फोनवर ट्रॅक्टरचा विषय निघाला की तुम्ही ड्युटीची वेळ झाली म्हणता आणि ठेवून देता. मामा नंतर बराच वेळ फोन हातात धरून बसतात. पत्र अर्ध्यात बाजूला ठेवलं तरी खोलीतच राहतं, कधीतरी पुन्हा हातात घेता येतं. पूर्ण वाचा, एवढीच विनंती आहे.

इकडे तब्येती ठीक आहेत. मावशींचे गुडघे दुखतात, पण बसून राहत नाहीत. साक्षीची चौथीची परीक्षा चालू आहे, काका कधी येणार म्हणून रोज विचारते. या वर्षी हळद निघाली चांगली, पण आपला ट्रॅक्टर विकून टाकल्यापासून भाड्याचा ट्रॅक्टर आपल्या शेतात सगळ्यांच्या शेवटी येतो. म्हणून मामांनी मनावर घेतलं आहे की घरचा ट्रॅक्टर घ्यायचा, जुना का होईना, आणि तो चालवायला तुम्हाला वाळूजहून परत आणायचं. खरं म्हणजे ट्रॅक्टर निमित्त आहे, बाप म्हणून त्यांना तुम्ही घरी हवे आहात. तुमचे दादा जाऊन तेरा महिने झाले. त्यांच्या तेराव्यानंतर तुम्ही जे गेलात ते दिवाळीलाही आला नाहीत. एका महिन्यात दोन्ही लेकरं गेली, असं मावशी एकदा भाकरी थापता थापता म्हणाल्या. मी ऐकलं नसल्यासारखं केलं.

वारंगा फाट्यावर एक जुना ट्रॅक्टर विकायला आहे असं मामांना कळलं. पस्तीस एचपीचा, चाळीस वर्षांपूर्वीचा. मामा मला म्हणाले, पुनम, तूही चल, कागद वाचायला कोणी पाहिजे. कागदाचं निमित्त होतं. गावातले लोक जुना ट्रॅक्टर घ्यायच्या आधी दादांना सोबत न्यायचे, आणि घरी आल्यावर ते मला सगळं सांगायचे, हे मामांना माहीत आहे. काय पाहिलं, काय लपवलं होतं, कुठं पकडलं. अकरा वर्षं ऐकलं. मला नाही म्हणता आलं नाही. पण भाऊजी, रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला तरी मी हातातलं काम सोडून भिंतीला टेकते.  

विकणाऱ्याचं नाव रतनसिंग. जवळच्या तांड्यावरचे आहेत, सत्तरीचे असतील. फाट्यावर त्यांच्या मुलाचं पंक्चरचं दुकान आहे, त्याच्या मागे लिंबाखाली ट्रॅक्टर उभा होता. लाल, बॉनेटचा रंग उडालेला, सीटवर पोत्याची घडी. मी दहा पावलांवरच थांबले. मामांनी मागं वळून पाहिलं. मग मी गेले आणि दादा सांगायचे तसा आधी इंजिनला तळहात लावला. गरम होतं. गिऱ्हाईक यायच्या आधी तापवून ठेवलं की थंड इंजिनातला दोष कळत नाही. मी मामांना हळूच सांगितलं, मामांनी रतनसिंगांना सांगितलं. ते म्हणाले, ऊन पडलंय व्यंकटराव, या उन्हात तर माझं डोकंबी तापलंय, ते पण तपासता का. मामा हसले आणि म्हणाले, डोकं विकत न्यायचं न्हाई, इंजिन गार होईस्तोवर आमी बसतो. मग आम्ही बसलो. चहा झाला, दुसरा चहा झाला. रतनसिंग मधून मधून जाऊन इंजिनला हात लावायचे आणि म्हणायचे, झालं बाई गार, म्हशीच्या नाकासारखं.

त्या दोन तासांत मी बाकीचं पाहून घेतलं. ऑइलची काडी पुसून पुन्हा बुडवली. ऑइल काळं होतं, पण दुधाळ नव्हतं, म्हणजे त्यात पाणी उतरलेलं नाही. पुढचं चाक धरून हलवलं, थोडं खेळत होतं. इंजिनवरचा नंबर ओला फडका मारून वाचला, आरसी बुकाशी जुळला. हात चालू होते तोवर भीती जरा मागे राहिली. दादांचं बोलणं कानात आठवत होतं. रतनसिंग मामांना म्हणाले, तुमची सून मिस्त्री हाय का काय. मामा म्हणाले, माझा मोठा पोरगा होता.

मग सुरू करायची वेळ आली. रतनसिंगांनी पोत्याच्या घडीखालून पेचकस काढला आणि सीटवर न चढता मागच्या मोठ्या चाकापुढं वाकले. सेल्फची चावी बिघडलेली, म्हणून खाली उभं राहून दोन तारांच्या टोकांना पेचकस टेकवायचा. अगदी दादा वाकायचे तसंच, भाऊजी. तेच वाकणं, तोच एक हात चाकावर. पुढचं मला नीट आठवत नाही. मी त्यांचा हात धरून त्यांना मागं ओढलं होतं एवढं खरं. ते खाली बसले, पेचकस मातीत पडला, दुकानातून लोक धावत आले. अनोळखी म्हाताऱ्या माणसाचं मनगट मी धरलं होतं आणि ते सुटत नव्हतं. डोक्यावरचा पदर कधी खांद्यावर आला तेही मला कळलं नाही.

मामांनी माझी बोटं सोडवली. रतनसिंग रागावले नाहीत. म्हणाले, बाई, बारा वर्षं असाच लावून राहिलो. मी म्हणाले, "आणि गेरात असला तर?" माझा आवाज मलाच परका वाटला. ते म्हणाले, "न्हाई, न्यूट्रलला हाय. सकाळी मीच उभा केला ना."

मी वर चढून दांडी हलवली. न्यूट्रललाच होती. सगळे बघत होते. कोणी हसलं नाही, पण बाईचं काहीतरी बिघडलंय असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मी सीटवरच बसून राहिले. रतनसिंग बरोबर बोलले होते. ज्यानं उभा केला, त्याला माहीत असतं. पण मधल्या वेळात दुसऱ्या कोणी हलवला, तर सुरू करणाऱ्याला काय माहीत?

नंतर त्यांनी मी वर बसलेली असतानाच सुरू केला, दांडी मी हातानं धरून ठेवली. पहिल्या झटक्यात लागला. आधी काळा धूर आला, मग निवळला. निळा नव्हता, म्हणजे इंजिन ऑइल जाळत नाही. ऑइलचं झाकण काढून तळहात धरला तर फक्त गरम वाफ लागली. इंजिन चांगलं आहे. मामांनी इसार दिला. मी एकच अट घातली, की चावी आणि वायरिंग नवीन करून द्यायचं, आणि सीटवर बसूनच सुरू झाला पाहिजे. रतनसिंग म्हणाले, करून देतो बाई, पंधरा दिवस द्या, तुम्ही धरलेलं माझं मनगट अजून दुखून राहिलं. आणायला तुम्ही यावं असं मामांचं म्हणणं आहे.

परत येताना वसमतच्या बसमध्ये मामा खिडकीकडं बघत बसले होते. तेरा महिन्यांत त्यांनी तुमच्याविषयी वाईट असं एक अक्षर काढलं नव्हतं. काल बोलले. म्हणाले, "सोम्यानं त्या दिवशी एवढं बघितलं असतं, तू आज बघितलंस तेवढं." मग म्हणाले, मी त्याला माफ केलंय, तो घरी येऊ दे फक्त. मी मान हलवली. भाऊजी, मी ‘हो’ अशी मान हलवली. तेव्हापासून मला माझीच भीती वाटते आहे, ट्रॅक्टरची वाटते त्यापेक्षा जास्त.

तुम्ही आदल्या संध्याकाळी ट्रॅक्टर खळ्याच्या मधोमध लावला होता आणि सकाळी पहिल्या गाडीनं वसमतला गेलात. मला शिजलेली हळद पसरायला जागा पाहिजे होती. दादा अंघोळीला बसले होते, मावशी आणि मामा शेतात. मी सीटवर चढले. दांडी न्यूट्रलला होती. मागच्या चाकाला तुम्ही दगड लावला होता. मी गेर टाकला, उतरून दगड काढला, पुन्हा चढून क्लच दाबला. ट्रॅक्टर उतारानं मागं मागं गेला, कुंपणापाशी मी क्लच सोडला. ब्रेक धरत नव्हता म्हणून पहिल्या गेरातच ठेवला. उतारावर गेरात ठेवायचं, हे मला दादांनीच शिकवलं होतं. त्यांना सांगायचं म्हणून मी निघाले आणि आधी कढईखालचा जाळ बघायला वळले. तेवढ्यात इंजिनचा आवाज आला, दादांनी खाली उभं राहूनच पेचकस टेकवला होता. ट्रॅक्टर दादांच्या अंगावरून पुढं जाऊन गोठ्याच्या भिंतीला भिडला, म्हणून तो आधी कुठं उभा होता हे कोणालाच कळलं नाही. तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, न्यूट्रलला लावला होता बहुतेक. त्या ‘बहुतेक’वर सगळ्यांनी बोट ठेवलं. मावशी तुमच्या छातीवर बुक्क्या मारत होत्या, तेव्हा मी चार बायांच्या हातांवर पडून होते आणि मला सगळं ऐकू येत होतं. उद्या सांगेन म्हटलं. मग तेरावा आला आणि तुम्ही बॅग भरलीत. मला वाटलं, सांगितलं तर साक्षी माझ्याकडं कोणत्या नजरेनं बघेल, या घरात मला कोण ठेवेल. म्हणून तुम्हाला जाऊ दिलं. तुम्ही काही चुकला नव्हता. बहुतेक नाही, नक्की. आज संध्याकाळी मामा शेतातून आले की मी हेच त्यांना आणि मावशींना सांगणार आहे. पण समोर गेल्यावर माझं तोंड उघडेल याचा मला भरवसा नाही. म्हणून हे पत्र आधी पोस्टात टाकून येते. ते एकदा पेटीत पडलं की मला गप्प बसता येणार नाही.

तुमची,
पुनम वहिनी