भडगावच्या डिंकाचा सूड

धुळे. ४ नोव्हेंबर १९६८.
लखीचंद शेटजींच्या कापड दुकानातलं जुनं लिनोलियम फाडलं. खाली सिमेंटच्या कोब्यावर काळा डिंक. शेटजी म्हणाले, खरवडून जमीन कोरी कर. मी म्हणालो, संध्याकाळपर्यंत फिनिश.

तोच दिवस, संध्याकाळ.
पाटाएवढा कोपरा निघाला. पटाशीची धार गेली.

५ नोव्हेंबर.
रॉकेल ओतलं. डिंक पातळ झाला आणि नव्हता तिथंही गेला. माझी एक चप्पल चिकटली. अजून तिथंच आहे. मगन गुमास्ता गिऱ्हाइकांना दाखवतो. त्याचं नंतर बघू. आधी हा डिंक थापणारा. शेटजी म्हणतात, भडगावचा कारागीर, काम पक्कं. पक्कं! त्याच्या मिशांना हाच डिंक फासीन.

७ नोव्हेंबर.
रावेरहून भागामावशी आली. रविवारी भडगावला मुलगी बघायची. बाप कारागीर आहे, म्हणाली, जपून बोल. मी जपूनच बोलतो. देव पावला! एकाच तिकिटात मुलगी आणि सूड.

९ नोव्हेंबर.
काम केलं नाही. राग साठवला.

१० नोव्हेंबर. परतीच्या एसटीत.
मावशी पुढे गेली, मी स्टँडवर चौकशीला थांबलो. एक मिशीवाले नाना भेटले. विचारलं, धुळ्याच्या दुकानात लिनोलियम चिकटवणारा गाढव कुठं राहतो? म्हणाले, "काय काम शे भो?" बठ्ठं, अगदी सगळं सांगितलं. मिशांचंपण. नीट ऐकून घेतलं बिचाऱ्यांनी. "चाल, दखाडस." दाखवायला निघाले, पिशवीसुद्धा धरली माझी. एका घराशी आलो तर ओट्यावर मावशी! नाना मिशी पुसत म्हणाले, "बस भो. तो गाढव मीच. पोर चहा लई येई राह्यनी."
चहा घेऊन आलेली मुलगी चांगली आहे. हसली जरा जास्त.
निघताना नाना म्हणाले, "मनं काम उखडी दखाड, मंग पोर मांगाले ये." म्हणजे जमीन कोरी झाल्याशिवाय लग्नाचं बोलणंच नाही.

११ नोव्हेंबर.
सुडाचा प्लॅन बदलला. त्यांचं काम उखडायचं आणि मुलगीही न्यायची. डबल सूड. उद्यापासून जोरात. आज हाताला फोड.

१५ नोव्हेंबर.
शेटजी म्हणाले, पुरे झालं, जुन्या डिंकावरच नवं लिनोलियम टाकू. मी पाय धरले, मगनसमोरच नानांची अट सांगितली. मजुरी नको, पण खरवडू द्या. म्हणाले, उशीर झाला, कारागीर भडगावहून निघाला.
दुपारी नाना आले. माझा पाटाएवढा कोपरा वाकून बघितला. डिंकाचा पहिला हात त्याच्यावरच मारला.
मगन म्हणाला, जावईबापू, डिंकाची बादली नीट धरा.
धरली.