दोन नंबरच्या टाकीसाठी

प्रिय वोरावुत,

‘प्रिय’ लिहिलंय म्हणून फार खूश होऊ नकोस, पत्राची सुरुवात अशीच करतात. फोन केला असता, पण फोनवर तू आधी “कशी आहेस?” विचारलं असतंस, आणि मला खरं सांगावं लागलं असतं.

आमच्या सांडपाणी केंद्रातली दोन नंबरची टाकी मेली. मंत्रालयातून पाहुणे यायचे होते. त्यांच्या नाकाला वास लागायला नको म्हणून आमच्या साहेबांनी सगळं आवार ब्लीचने धुवून घेतलं आणि उरलेले ड्रम त्या टाकीकडे जाणाऱ्या नाल्यात ओतायला लावले. मी नेमकी रजेवर, आईकडे अयुथयाला. पाहुणे आले, नारळपाणी प्यायले, “अजिबात वास नाही हो” म्हणाले आणि गेले. मी परतले तेव्हा टाकीला सडक्या अंड्यांचा वास सुटला होता. थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर एकही जीव हलेना. मी तिथेच रडले. रडले म्हणून सांगते, लाज कसली त्यात.

तू आता गुबगुबीत खुर्चीत बसतोस, म्हणून आठवण करून देते. चपला, डायपर, दिवे सोडण्याच्या सणातली केळीची सोपटं जाळीवर अडतात, वाळू खाली बसते, तिथवर काम यंत्रांचं. पुढचं काम त्या जिवांचं. आपण फक्त खालून हवा सोडायची. ते सगळ्या शहराची घाण खातात आणि पुढच्या टाकीत जाऊन तळाशी बसतात. वरचं नितळ पाणी कालव्यात जातं आणि तळचा थोडा गाळ परत मागच्या टाकीत, विरजणासारखा. हे तूच मला शिकवलंस असं तू लोकांना सांगतोस म्हणे. सांग बापडा.

सोम्पोंगकाका, आमच्या जाळीवरचे, म्हणाले, “पोरी, इतके जीव मारले आपण, त्यांच्या नावानं भिक्षूंना जेवण तरी घालू या.” साहेब भडकले, “भिक्षू आले की बातमी बाहेर जाईल. लोकांना तोंड कसं दाखवायचं?” मी मुद्दाम चार भिक्षू बोलावले. टाकीच्या कठड्याशी बसून त्यांनी मंत्र म्हटले, चिकट भात आणि तळलेले मासे जेवले. साहेब त्या दिवशी केबिनमधून बाहेर आलेच नाहीत.

आता त्यांचा हुकूम आहे की गप्प बसायचं. जीव आपोआप वाढतील म्हणतात. वाढतील, पण त्याला कित्येक आठवडे जातील, आणि तोवर काळं पाणी कालव्यात जात राहणार. काठावरच्या बायका त्यातच भांडी घासतात, पोरं त्यातच उड्या मारतात. काल एक बाई फाटकाशी आली, पोराच्या पाठीवरचे फोड दाखवत होती. माझ्याशी बोलायचं नाही असं तिला पहारेकऱ्याने सांगितलं होतं. ती बोलली. मग मीही बोलायचं ठरवलं.

म्हणून हे पत्र. नदीपलीकडे तुझं केंद्र सुरू झालं तेव्हा टाकीत घालायला तुझ्याकडे चमचाभर गाळ नव्हता. तू माझ्याकडे आलास. तुझी आई म्हणाली होती, “त्या गटारवालीला घरात आणू नकोस,” आणि तू मान खाली घालून ऐकून घेतलं होतंस, हे मला तोवर कळलं होतं. तरी मी याच दोन नंबरमधून टँकर भरून दिला. त्या दिवशी तू गाळ मागितलास, मला मागितलं नाहीस. त्याचं आता काही नाही. पण तुझ्या टाक्यांत आज जे जगतंय ते माझ्या टाकीचं आहे, उसनं नेलेलं विरजण आहे, आणि मी ते परत मागतेय. सोमवारी सकाळी टँकर पाठव. आमचे साहेब नको म्हणतील, तुझे वरिष्ठही म्हणतील. फाटक मी उघडेन, नोकरी गेली तर जाऊ दे. तुला फक्त एकदा मान वर करून हो म्हणायचंय.

एके काळी तुझीच,
ओरादी