साफ केलेली गाणी

काकू,

पहिला कागद फाडला. त्यात मी 'तुम्हाला' असं लिहिलं होतं. तुमी वाचलं असतं तर म्हटलं असतं, हे कोणाले लिहून राह्यला रे कॉन्व्हेंट? माह्या मराठीचं तुमाले माहीतच आहे. शाळेत इंग्लिश, घरी आई टीचर म्हणून तिच्यापुढं पुस्तकातली मराठी, अन् खरं तोंड उघडून बोलाचं ते फक्त तुमच्या स्वयंपाकघरात. म्हणून तसंच लिहून राह्यलो. चुका झाल्या तर झाल्या.

चिखलीतलं तुमचं घर दोन खोल्यांचं. काका दुपारी मार्केट यार्डातून जेवाले येत अन् समोरच्या खोलीत तासभर झोपत, म्हणून आमचा सगळा बँडबाजा मागं, तुमच्या चुलीजवळ. गॅस होता तुमच्याकडं, पण तुमी त्यालेही चूलच म्हणत होत्या. मी अन् तुमचा पोरगा सहावीत होतो. तो जिल्हा परिषदेच्या शाळेत, मी कॉन्व्हेंटमधी, गल्ली एकच, अन् आई शाळेतून येईपर्यंत मी रोज तुमच्याकडंच जेवत होतो. त्या वर्षी पोळ्याले तोरणाखाली मोठी माणसं झडत्या म्हणत होती, यमक जुळवून एकमेकाची खेचत होती, ते ऐकून त्यानं आपल्या गणिताच्या मास्तरावर चार झडत्या केल्या. मी तेलाचा रिकामा पिपा वाजवला. तिथून सुरू झालं ते. मग पपईच्या पानाच्या देठाची पुंगी आली, जुन्या सायकलचा भोपू आला, टिफिनच्या डब्याले रबर ताणून गिटार झाली. पहिलं पुरं गाणं यष्टीचं. तो तोंड वाकडं करून म्हणत होता,

फाट्यावर उभी राह्यली मावशी,
यष्टी गेली म्हने कालच्या दिवशी.
कंडक्टर म्हने बाई बसून घ्या,
टायर आलं हाय, यष्टी येऊ द्या.

तुमी भाकर थापत होत्या. 'टायर आलं हाय' ऐकून इतक्या हसल्या की तव्यावरची भाकर करपली. काकांनी जेवताना विचारलं, हे काळं काय? तर तुमी शांतपणे म्हटलं, यष्टी उशिरा आली. काकांले काही कळलं नाही अन् आमी दोघं मोरीत जाऊन हसलो. आता तेच आठवून मी पुण्यात रूमवर एकटा बसून हसतो, अन् मग हसू मधीच थांबते.

सातवीत बाबांनी त्यांचा जुना मोबाइल दिला, मेमरी कार्डवाला. तो तुमच्या चमच्यांच्या स्टँडमधी उभा करून आमी रेकॉर्डिंग करत होतो. पहिलं यष्टीचंच गाणं रेकॉर्ड केलं. दर रविवारी, अन् सुट्ट्यांमधी रोजच. पाहुण्याच्या घोरण्यावर गाणं, शेजारच्या पाण्याच्या मोटरीवर गाणं, 'कूलरले नाही पाणी, गावाले नाही लाईट, तरी माह्या मामाचा पॅन्ट हाय टाईट' हे तर पूर्ण गल्लीत झालं होतं. अन् प्रत्येक गाण्यात मागून तुमी. ए कॉन्व्हेंट, पायाखाली मिरच्या हायेत, पाहून. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या रे? भिंतीवरून शेजारची विचारे, काय केलं व आज, तर तुमी तिले भाजी सांगत होत्या अन् इकडं आमचं तिसरं कडवं सुरू. तुमचा पोरगा चिडायचा नाही. तो म्हणे, आईचं बोलणं संपू दे, मग पुढचं म्हणू. मी चिडायचो. मले वाटायचं, हे काहीतरी मोठं करून राह्यलो आपण, अन् यांची शिट्टी मधीच.

एकदा मी बोललोच. नववीत होतो. म्हटलं, काकू, दोन मिनिटं चूप बसता का, रेकॉर्डिंग सुरू आहे. तुमी लाटणं हातात धरून माह्याकडं पाह्यलं अन् तुमच्या पोराले म्हटलं, "पाय बावा, माह्याच घरात मलेच चूप बसवते हा." रागात नाही म्हटलं. पण त्यानं माह्या पाठीत एक ठेवून दिली. मले तेव्हा ती मस्करी वाटली.

दहावीची परीक्षा झाली अन् मले लॅपटॉप मिळाला. तुमाले आठवत असन, त्या सुट्टीत मी पंधरा-वीस दिवस आलोच नाही. तुमी पोराले विचारलं होतं म्हने, भांडले काय रे तुमी? भांडलो नव्हतो. मी घरी कूलरसमोर बसून व्हिडिओ पाहून पाहून एडिटिंग शिकून राह्यलो होतो. आवाज स्क्रीनवर दिसते, काकू. डोंगरासारखा. तुमी बोलल्या की एक वेगळा डोंगर येत होता, मी आता बघूनच ओळखत होतो, हा काकूंचा. तो सिलेक्ट कराचा अन् उडवाचा. जिथं तुमचा आवाज त्याच्या गाण्यावर चढला होता तिथं ते पूर्ण कडवंच आमी परत माह्या घरी बसून म्हटलं. चार वर्षांची सगळी गाणी मी अशी साफ केली. लय मन लावून केली. तेवढ्या मन लावून मी अभ्यासही केला नाही कधी. अन् झाल्यावर कार्डवरचं, लॅपटॉपवरचं जुनं सगळं डिलीट केलं. नवीन गाण्यांले जागा पाह्यजे होती. माह्या शाळेनं सेंडऑफ, म्हणजे निरोपाचा कार्यक्रम, त्या वर्षी परीक्षेनंतर ठेवला होता, तिथं ऐकवाची होती ती.

मग एका दुपारी लॅपटॉप घेऊन तुमच्याकडं आलो. तुमी हात पुसून खाली बसल्या. पदर कानामागं केला, जसं काही आवाज बारीक येणार आहे. पहिलं गाणं ऐकलं. दुसरं ऐकलं. तिसऱ्याले तुमी स्क्रीनकडं पाहून राह्यल्या होत्या, ऐकून नाही, शोधून. मग विचारलं, "अन् मी? मी कुठी हाओ त्यात?"

मले काय अभिमान, काकू. मी म्हटलं, "तुमी नाही त्यात. सगळं साफ केलं."

तुमी म्हटलं, "बरं केलं बावा." अन् उठून गॅसकडं तोंड केलं. पोहे केले होते, माह्या प्लेटमधी दाणे जास्त टाकले. मी ते दाणे खाल्ले अन् तुमच्या पोराले एडिटिंग कसं असते ते समजावून सांगत बसलो. त्या वेळी तुमची पाठ मले दिसत होती. आजही ती पाठच दिसते. हिरवं पातळ होतं.

पुढच्या रविवारी तुमी एक रिंग दिली. भरतकामाची लाकडी रिंग, त्यात तुमच्या जुन्या सुती साडीचा तुकडा ताणून बसवला होता, अन् खाली सुतळीनं लाटणं बांधलं होतं उभं कराले. आमी दोघं बोलत होतो ना, की 'फ' म्हटलं की माइकवर हवा बसते, ते तुमी ऐकलं होतं. कोणी मागितली नव्हती. तुमी म्हटलं, पाय, आता फूफू येते काय. नाही आली. अन् त्या दिवसापासून तुमी रेकॉर्डिंगच्या आधी गॅस बंद करत होत्या. कुकर उतरवत होत्या. कोपऱ्यात पाटावर बसून तोंडावर पदर धरत होत्या, अन् हसू आलं की फक्त खांदे हलत होते. अकरावी, बारावी, दोन वर्ष. त्या दोन वर्षांच्या एकाही गाण्यात मले काही कापावं लागलं नाही. आता लक्षात येते तुमच्या काय झालं ते? आधीचं मी उडवलं अन् नंतरचं तुमी दिलंच नाही.

मग मी पुण्याले आलो. सेकंड इयरले होतो तेव्हा त्याचा फोन आला, आईले कावीळ झाली. पंधरा दिवसांनी परत आला, तेव्हा मागं बायांचं रडणं येत होतं. मी पोचलो तिसऱ्या दिवशी. परीक्षा होती असं मी सगळ्यांले सांगितलं, अन् होतीही, पण सोडता आली असती. स्वयंपाकघरात कोणीतरी सगळी भांडी पालथी घालून ठेवली होती. तुमचा पोरगा पिप्यावर बसला होता, आमच्याच. मले पाहून म्हणे, "आला काय बे?" बस.

दोन वर्ष आमी काही वाजवलं नाही. मग एका दिवाळीले त्यानंच भोपू काढला. आता दर दिवाळीले एक गाणं करतोच. त्याचं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे बस स्टँडजवळ, चांगलं चालते. लग्न झालं. पोरगी तीन वर्षांची आहे, काकू. तुमच्यासारखीच मधी मधी बोलते.

तिच्यामुळंच हे निघालं. तिनं भिंतीवरचा तुमचा फोटो पाहून विचारलं म्हने, आजी कशी बोले? तर त्यानं मले फोन केला. घरात तेव्हा साधा बटणाचा फोन होता, तुमचा एक व्हिडिओ नाही कोणाकडं. तो म्हणे, "आपल्या गाण्यात मागं आई बोलत असन ना बे. पहिल्यावाल्या. साफ केलेल्या नाही, त्याच्या आधीच्या. एखादी दे ना. एका वाक्याची असन तरी चालन."

मी म्हटलं, शोधतो. सहा महिने तो दर आठवड्याले विचारे अन् मी म्हणे शोधून राह्यलो. शेवटी सांगितलं, कार्ड खराब झालं. तो मोबाइलचंच काम करते, तो म्हणे, पाठव माह्याकडं, डेटा निघते कधी कधी. मी म्हटलं, फेकून दिलं बे मागंच. तर तो मलेच समजावाले लागला. "जाऊ दे. कार्डच खराब झालं तर तुह्या काय हात त्यात. तू नोको टेन्शन घेऊ."

कार्ड माह्या ड्रॉवरमधी आहे. चालते. त्यात माह्या कॉलेजच्या ट्रिपचे फोटो आहेत.

या दिवाळीले गेलो होतो. त्याच स्वयंपाकघरात बसलो. तुमची रिंग मी पुण्याहून संगं नेली होती, माइक महागाचा घेतला तरी पुढं तीच लावतो. गाणं रिचार्ज संपलेल्या नवरदेवाचं होतं. दुसऱ्या कडव्याले पोरगी आली अन् म्हणे, बाबा, मले चकली. तो तिले म्हणे, थांब माय, आवाज येते. मी म्हटलं, बोलू दे तिले. तो माह्याकडं पाहून राह्यला. "तू तर लय साफ करत होता बे." त्या वेळी सांगता आलं असतं. तो समोर, पोरगी मांडीवर, मी अन् तो पिपा. मी म्हटलं, परत घेऊ, दोन-तीन-चार, अन् पिपा वाजवला.

पुण्याले आल्यावर मी सगळी गाणी पुन्हा काढली. हेडफोन लावून एक एक ऐकली, की कुठी तरी चुकून राह्यल्या असान तुमी. सुट्टीच्या दिवशी सकाळी बसलो ते पार उन्हं उतरेपर्यंत. मी लय चांगलं काम केलं होतं, काकू. एक शब्द सोडला नव्हता. फक्त यष्टीच्या गाण्यात, ज्याले आमी ताल समजत होतो, तो पिपा नाही. पिपा नंतर येते. आधीच्या चार ओळी तो भाकर थापल्याच्या आवाजावर म्हणून राह्यला, थाप, थाप, अन् प्रत्येक थापेसंगं बांगड्या. तालात होतं म्हणून मी ठेवलं होतं. त्यात तुमी आहात हे मले कळलंच नव्हतं, नाहीतर तेही गेलं असतं.

तेवढंच आहे. आवाज नाही, बांगड्या. ते कापून त्याले पाठवावं म्हणून तीन वेळा मेसेज लिहिला अन् पुसला. कारण तो विचारन, बाकीचं कुठी आहे? अन् मी खरं सांगितलं की मीच उडवलं, तर तो तेही माफ करन, मले माहीत आहे. म्हणन, पोट्टे होतो बे आपण. पण मग तो विचारन, काऊन? का म्हणून आईचा आवाज सगळाच कापला? एक तरी ठेवता आला असता.

त्याचं उत्तर मी त्याले देऊ शकत नाही. तुमाले देतो, मग हा कागद घडी करून रिंगच्या कापडामागं ठेवतो. तिथं मावते, पाह्यलं मी.

तुमचा आवाज खराब नव्हता आला. मी नॉइज म्हणत होतो, पण नॉइज नव्हता तो, स्वच्छ येत होता, आमच्याहून स्वच्छ. सेंडऑफले कॉन्व्हेंटच्या पोरांले ऐकवाचं होतं. आमी गाण्यात 'मले' म्हटलं की ते हसणार होते, अन् हसलेही लय, कारण ती आमची गंमत होती. तुमी गंमत करत नव्हत्या. तुमी खरंच तशा बोलत होत्या, अन् मी तुमच्या घरी रोज जेवतो हे त्यांले कळलं असतं.