म्हशीने ऐकलेला तक्ता

साडभाऊ इश्वरराव यांना पवनीहून धनीरामचा रामराम. सत्यवतीबाई बऱ्या असतीलच, तुमच्या बपेऱ्याचा धानाचा रोवणाही आटोपला असेल. तुमची तब्येत कशी आहे? (उन्हाळ्यातल्या लग्नात पंगतभर मांडीवर टॉवेल घेऊन बसला होतात, म्हणून विचारतो.) फोनच केला असता, पण तुम्ही स्पीकर लावून अंगणभर ऐकवता, आणि हे अंगणात सांगण्यासारखं नाही.

तर, दोन वर्षांपासून मला अंडवृद्धी आहे. लिहिलं एकदाचं! हेच दवाखान्यात बोलवेना. डॉक्टर निघाल्या बाई. मी म्हटलं पोट दुखतं, तर त्यांनी जंताच्या गोळ्या दिल्या. पुढल्या खेपेला धीर करून मांडीपर्यंत उतरलो, तर गुडघ्याचा फोटो काढायला लावला. गुडघा ठणठणीत निघाला.

शेवटी याच दुखण्याची घरोघर पाहणी आली, आणि आशाताई कोण? आमच्या धाकट्या भावाची बायको, कामिनी! वीस वर्षांत जिने भासऱ्यासमोर, म्हणजे माझ्यासमोर, पदर ढळू दिला नाही, ती आता माझ्या... जाऊ द्या. ती दाराआड उभी राहिली, चित्रांचा तक्ता तेवढा आत सरकवला आणि गोठ्यातल्या म्हशीला समजावू लागली (भासऱ्याशी थेट कशी बोलणार?): "हे लिंग होय, यातून लघवीची नळी जाते. खाली पिशवी, तिच्यात दोन वृषण. बीज तिथं तयार होते, त्याले थंडावा पाह्यजे, म्हणून पिशवी बाहेर लोंबते. एक बाजू जराशी खाली असते, त्याचं भेव नाही. पण वृषणाभोवती पाणी साचलं का पिशवी फुगते. आपरेशननं बरं होते म्हणावं."

म्हैस रवंथ करत राहिली, मी घामाघूम. चाळीस वर्षं बैल पारखले, साडभाऊ, आणि स्वतःच्या अंगाची माहिती म्हशीमार्फत मिळाली! चीड येते ती याची, की एक शब्द तोंडातून निघेना म्हणून दोन वर्षं सायकल सोडली, धानाच्या बांधीत उतरणं सोडलं, घरच्यांशी नुसता खेकसत राहिलो. मग मीही म्हशीलाच सांगितलं, "लिहून घे माय, हाये मले." कामिनीने लिहून घेतलं. येत्या मंगळवारी भंडाऱ्याला ऑपरेशन आहे. काळजी नसावी, एकटा जायला मी समर्थ आहे.

आपला,
धनीराम

ता.क. समर्थ वगैरे काही नाही, फार भीती वाटते. तुम्ही या.

ता.क. दुसरा: नुसते सोबतीला नव्हे. शेजारची खाट तुमच्या नावाने सांगून ठेवली आहे. सैल लुंग्या दोन आणा, माझ्याकडे एकही नाही.

ता.क. तिसरा: हे पत्र सत्यवतीबाईंच्या हाती पडू देऊ नका. पडलंच तर लाजू नका. कामिनीला तुमचं नाव त्यांनीच कळवलं.