मिस म्हणजे चुकलेली नव्हे

बाबा, भरल्या वर्गात तुम्ही मला जे विचारलंत, त्याचं उत्तर मी तेव्हाच दिलं होतं आणि आज म्हातारपणीही तेच देते. मी चुकले नव्हते.

कशेडीकडचं स्थळ मी नाकारलं आणि महाडच्या मुलींच्या शाळेत शिकवायची नोकरी धरली. तेवढं तुम्ही कसंबसं गिळलंत. मग सुट्टीत शाळेचं पत्र पोलादपूरच्या घरी आलं, माझ्या नावाआधी 'मिस' लिहिलेलं, आणि पोस्टमनने ते ओटीवर सगळ्यांदेखत मोठ्याने वाचलं. मुंबईच्या गोदीत इतकी वर्षं काढलेली, तेवढं इंग्रजी तुम्हाला कळत होतं. शाळा उघडली त्या दिवशी तुम्ही महाडपर्यंत चालत आलात.

वर्गाच्या दारात तुम्ही उभे आहात, पाय धुळीने माखलेले, पाकीट मुठीत चुरगळलेलं. "ह्यो मिस काय हाय गो? दासगावची बोट मिस झाली म्हंजे बोट चुकली. लगीन मोडलंस, ती चूक आता पाकिटावर लिवून यायला लागली!" मुली हसतात. मी खुर्ची पुढे करते, तुम्ही बसत नाही. मग मी मोठ्या बाईंच्या कपाटातली डिक्शनरी आणून टेबलावर उघडते.

"बाबा, हे दोन वेगळे शब्द आहेत. चुकण्याचा मिस जुन्या इंग्रजीतला. माझा मिस 'मिस्ट्रेस' तोडून झालाय, तो फ्रेंचांकडून आला. मिस्ट्रेस म्हणजे मालकीण."

"मालकीण? कुणाची?"

"माझी मीच."

पाकीट टेबलावर टाकून तुम्ही निघालात. पाणीसुद्धा घेतलं नाहीत.

त्या शिमग्याला भावकीने तुम्हाला विचारलं, पोरीचं काय ठरवलंस? तुम्ही म्हणालात, "ती मिस हाय. मालकीण. बुकात लिवलंय." हे मला आईने सांगितलं, तुम्ही गेल्यावर. त्याचा मला अजून राग आहे. विचारलंत भर वर्गात, मग कबूलही तिथेच येऊन करायचं होतं.

नोकरी मी शेवटपर्यंत केली. नावाआधीचा तो शब्द कुणाला खोडू दिला नाही.

एक मात्र लपवलं. चुकण्याच्या मिसखालीच आणखी एक अर्थ छापलेला होता, आपलं माणूस जवळ नसल्याची रुखरुख लागणे. तो मी अंगठ्याने झाकला. तो मोठ्याने वाचला असता, तर तुमच्यासमोर माझा आवाज टिकला नसता.